हवेतला डावा हात

३ फेब्रुवारी

मोबाईल कुचकामी! आज सकाळी मैदानावर भिंगरीचे पन्नासेक फोटो काढले असतील. अर्ध्यांत नुसती धूळ. उरलेल्यांत सायकलचं मागचं चाक, नाहीतर रिकामं आभाळ. आपण बटण दाबायचं, मग हा पठ्ठ्या विचार करणार, मग फोटो काढणार. तोवर पोरगी उडी मारून, उतरून, हेल्मेट काढून पाणी पीत असते. एका फोटोत फक्त माझा अंगठा आहे. तोच काय तो स्पष्ट आलाय.

फोटो वन्संना हवाय. "वहिनी, उंटावरून उडतानाचा एक तरी काढ गं. दादाच्या फोटोशेजारी लावू." उंट म्हणजे मैदानावरचे ते दोन सगळ्यांत उंच मातीचे ढिगारे, मधे खड्डा. पहिल्यावरून सायकलसकट उडायचं, दुसऱ्यावर उतरायचं. पोरांनी नाव ठेवलंय उंट. माझ्या मुलीला सोळाव्या वर्षी या उंटाशिवाय दुसरं काही सुचत नाही. बापाचीच लेक.

हे असते तर फोटोची भानगडच नव्हती. कुंपणाला टेकून ओरडायचे — "उड, भिंगरे, उड!" — आणि ती उडायची. आता कुंपणाशी मी असते. मला ओरडता येत नाही. निदान हातात काहीतरी हवं.

६ फेब्रुवारी

गंमतच आहे. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत "श्वास रोखा, हलू नका" म्हणून माणसांचे फोटो काढणारी बाई मी. वीस वर्षं पोट त्याच्यावर चाललंय. आणि घरच्या एका मुलीचा फोटो येईना!

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. आम्ही काढलेले एक्स-रे वाचून त्या रिपोर्ट लिहितात. हसल्या. म्हणाल्या, "अगं, रडणाऱ्या बाळाची छाती काढताना तू काय करतेस?"

"वेळ कमी करते. बाळ हलायच्या आत काढून मोकळी."

"मग? कॅमेऱ्याचंही तेच."

खरंच की. वेळ कमी म्हणजे फोटो हलणार नाही. पण वेळ कमी केली की उजेड कमी पडणार, म्हणजे उजेड जास्त आत घेणारी काच हवी. एवढं डोक्यात शिरलं. पुढचं दुकानात बघू.

९ फेब्रुवारी

मोठ्या दुकानात गेले. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा धावत आला. एक चकचकीत, हलका कॅमेरा हातात दिला. "मॅडम, यात चंद्रावरचे खड्डे दिसतात!"

म्हटलं, "चंद्र जागेवर असतो. माझी मुलगी नसते."

त्याला कळलं नाही. दारातून आत येणाऱ्या माणसांवर कॅमेरा धरून बटण दाबून पाहिलं. मोबाईलचाच थोरला भाऊ! माणूस दारातून आत येऊन काउंटरपाशी पोचला की मग याचा फोटो निघतो. झूम मोठं, अक्कल तेवढीच. दुसरा दाखवला, तो खरंच चपळ होता. किंमत ऐकली आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवतात तसा तो परत काचेच्या पेटीत ठेवला. मुलगा म्हणाला, पिशवी फुकट आहे. म्हटलं, ती तूच ठेव बाबा.

घरी सांगितलं तर भिंगरी म्हणाली, "कशाला आई एवढं? मोबाईलवर येतील ते येतील. नाही आले तर नाही."

समजूतदार आहे पोर. घरात एकच पगार येतो हे न सांगता कळतं तिला.

१४ फेब्रुवारी

घेतला!! जुना घेतला.

सायकलींच्या दुकानामागच्या गल्लीत एक कॅमेरावाला आहे, वापरलेले विकतो. खुर्चीतून उठायचा कंटाळा करणारा माणूस. बसल्या बसल्या म्हणाला, "काय काढायचंय ते सांगा. लग्न, पाखरं की पोरं?"

"उडती सायकल."

तेव्हा उठला. दोन कॅमेरे समोर ठेवले. एक तसा नवा, पण त्याची लेन्स आखूड — कुंपणाबाहेरून काढला तर भिंगरी मुंगीएवढी यायची. दुसरा जुना, जड, कोपरे घासलेले, मधलं एक बटण अडकतं. पण त्याला लांबची लेन्स, आणि तिची काच मोठी. मी नव्याकडे बघत राहिले. बायकांची सवय — भांडं चकचकीत दिसलं की हात तिकडेच जातो.

"ताई, डबा जुना चालेल, काच चांगली हवी," असं म्हणत त्याने छताचा पंखा पूर्ण जोरात सोडला. "काढा."

नव्यावर काढला, त्याने लावून दिलेल्या आकड्यांवर. पाती पुसट. खोलीत उजेड कमी आणि काच छोटी, म्हणून वेळ वाढवावी लागली, म्हणाला. मग जुन्यावर. सेकंदाचा हजारावा भाग. पडद्यावर बघते तर पंखा बंद! तिन्ही पाती वेगवेगळी, एका पात्यावरची धूळसुद्धा दिसत होती. मी मान वर करून पाहिलं, पंखा गरगरत होता. पुन्हा खाली पाहिलं. डोळ्यांना जे कधीच दिसलं नसतं ते त्या चिमुकल्या पडद्यावर होतं. किती दिवसांनी मला असा लहान मुलांसारखा आनंद झाला!

तो म्हणाला, "पंखा पुसायला झालाय वाटतं."

१५ फेब्रुवारी

कॅमेरा गळ्यात अडकवून स्वयंपाक केला. भिंगरी हसली नाही. पूर्वी पोट धरून हसली असती.

१७ फेब्रुवारी

नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. पहिला दिवस. कुंपणाच्या जाळीचे इतके देखणे फोटो आले आहेत की जाळी विकणाऱ्याने जाहिरातीत वापरावेत. मागे धुक्यासारखं काहीतरी आहे, ती माझी मुलगी.

आणखी एक. हा पटापट सात-आठ फोटो काढतो, मग लाल दिवा लागतो आणि साहेब विश्रांती घेतात. मी घाबरून लवकर दाबते, त्यामुळे सायकल ढिगारा चढेपर्यंतच त्याचा दम संपतो. चढतानाचे ढीगभर. उडतानाचा एकही नाही.

कोच कुंपणापाशी येऊन म्हणाले, "ताई, एप्रिलात संघाची निवड आहे. तोवर शिकून घ्या. पोरगी निवडली जाणार हे मी लिहून देतो." चांगला माणूस आहे. यांच्यामागे भिंगरीला त्यानेच सांभाळलं. फी नंतर द्या म्हणाला आणि पुन्हा विषय काढला नाही.

त्याचं ऐकून छाती भरून आली. पण खरं सांगायचं तर मला ते मैदान आवडत नाही. कधीच आवडलं नाही. धूळ, आरडाओरडा, आणि दर उडीला आपला श्वास अडकलेला. हे होते तोवर मी घरी राहायचे, तेच बरं होतं. पण आता तिला कोण? बाप गेला आणि आईही येईना, असं व्हायला नको.

२१ फेब्रुवारी

आज एक बाई आल्या, नवऱ्याला घेऊन. खोकला. छाती काढली. पडद्यावर पाहिलं आणि समजलं. काचेपलीकडून त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सगळेच बघतात. मशीनकडे कोणी बघत नाही.

"काही आहे का हो?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील. बाहेर बसा."

एवढंच बोलायचं. नियमच आहे, आणि योग्यच आहे. आपल्याला दिसलं ते खरं असेलच असं नाही, अर्धवट बोलून माणसाला मारायचं नाही. चेहरा कोरा ठेवायला मला सुरुवातीला त्रास व्हायचा. आता होत नाही. आता घरी आल्यावर तो पुन्हा मऊ करायला वेळ लागतो.

२४ फेब्रुवारी

कॅमेरावाल्याकडे गेले, जाळीचे फोटो दाखवले. बराच वेळ हसला. मग एक कळ फिरवून दिली — आता कॅमेरा हलणाऱ्या वस्तूचा पाठलाग करतो, जाळीवर अडकत नाही. लेन्स जाळीला अगदी चिकटवून धरा म्हणाला. आणि घाई करू नका. "वर गेलेली वस्तू खाली यायच्या आधी क्षणभर थांबते. तेव्हा दाबा."

अरे, हे तर माझंच काम! माणसाने श्वास आत घेतला की तो क्षणभर थांबतो. मी रोज तेव्हाच दाबते.

१ मार्च

आला! आला! आला!

भिंगरी हवेत आहे. उंटाच्या दोन ढिगाऱ्यांच्या बरोबर मधे. खाली खड्डा, दोन्ही चाकांखाली नुसतं आभाळ, चाकांना चिकटलेली माती सुटून तिच्याबरोबर उडते आहे, एक एक खडा मोजता येईल. काय माझी पोर! मी कुंपणापाशी एकटीच नाचले. कोचनी पाहिला, म्हणाले, "ताई, हा मोठा करून भिंतीवर लावा." वन्संना पाठवला तर त्या फोनवर रडायलाच लागल्या. "दादा असता तर! पोरीने नाव राखलं गं त्याचं!"

भिंगरीला दाखवला. तिने पाहिला. "छान आलाय," म्हणाली आणि कॅमेरा परत दिला. दमली होती.

२ मार्च

फोटो मोठा करायला द्यायचा म्हणून आज कॉम्प्युटरवर सगळे नीट पाहिले. एकामागून एक. कामाची सवय — एक फिल्म बघून कधी थांबायचं नाही.

तिसऱ्या फोटोत तिचा डावा हात हँडलवर आहे. चौथ्यात करंगळी आणि शेजारचं बोट उचललेलं. पाचव्यात चारही बोटं उघडी. हात हँडलवर नाही, हँडलच्या वर आहे. सहाव्यात पुन्हा घट्ट धरलेला. सातव्यानंतर लाल दिवा लागला असणार.

काल सगळ्यांनी पाचवा फोटोच पाहिला. मीसुद्धा. कोणालाच हात दिसला नाही.

५ मार्च

पुन्हा काढले. उंटावर दोनदा, दोन्ही वेळा डावी बोटं उघडतात. लहान ढिगाऱ्यांवर काही नाही. तिला विचारलं, उडताना हात घसरतो का गं?

"नाही."

"मुंग्या येतात? बधिर होतो?"

माझ्याकडे पाहिलं तिने. "का? काय दिसलं तुला?"

"काही नाही. उगाच विचारलं." चेहरा कोरा. पटकन जमतं मला.

८ मार्च

मन चिंती ते वैरी न चिंती. झोपताना डोळ्यांसमोर मणके येतात. मानेतली नस दबली की आधी पकड जाते. अशी किती माणसं माझ्या टेबलावरून गेली आहेत — पाणी पिताना पेला सुटला, चावी सुटली, म्हणून आलेली. मागे ती पाय मुरगळून पडली होती. हे जाऊन जेमतेम महिना झाला होता. तेव्हाच मानेला झटका बसला असेल. तेव्हा पायच पाहिला सगळ्यांनी. आठवडाभर घरी होती, खिडकीत बसून चित्रं काढायची, गुणगुणायची. मला वाटलं, चला, पोर सावरली. मान कोण बघतोय!

१० मार्च

खेळता खेळता तिला म्हटलं, माझा हात दाब बघू. दाबला. कळ आली! पकड पहिलवानासारखी. पण नसेचं असंच असतं — कधी आहे, कधी नाही.

कोचना आडून विचारलं, सायकल ठीक आहे ना? त्यांनी हँडलचं रबर नवं घालून दिलं. घाम येतो पोरांना, म्हणाले. मी हो हो केलं. खरं सांगितलं तर आजच्या आज ते तिला थांबवतील. आणि यंदाची निवड गेली की पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, मोठ्या मुलींत उतरावं लागेल. म्हणजे संपलंच. बाप गेल्यावर तिच्याकडे हे एकच उरलंय, ते माझ्या अर्धवट शंकेवरून कसं काढून घेऊ?

आणि नाही सांगितलं आणि वरून पडली तर?

१६ मार्च

आता लागोपाठ दोन फोटोंत हात उघडा. आधी लगेच बंद व्हायचा. वाढतंय.

१७ मार्च

आज सरळ म्हटलं, थोडे दिवस उंटावर जाऊ नकोस.

तिने झटकन मान वर केली. "का? कोचना सांगशील तू तसं?"

"छे गं! त्यांना कशाला? निवडीच्या तोंडावर उगाच त्यांच्या डोक्यात किडा नको."

"मग जावंच लागेल," म्हणाली आणि ताट घेऊन उठली. अर्ध्यावरून.

काय ही शिस्त! माझ्यात नाही, बापाची आहे. मोठा केलेला फोटो वन्संनी आज आणून दिला, चौकटीसकट. यांच्या शेजारी खिळा ठोकून ठेवलाय, निवड झाली की लावू म्हणाल्या. मी त्या फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. वन्सं म्हणाल्या, "काच खराब होईल गं."

२३ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

२८ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोटो दाखवले. बराच वेळ पाहिले त्यांनी. त्यांचाही चेहरा कोरा! मला पहिल्यांदा कळलं समोरच्याला कसं वाटत असेल. हात धरून विचारावंसं वाटलं, अहो, काही आहे का?

म्हणाल्या, मानेचा एमआरआय करू, नसांची तपासणी करू. तोवर अंदाज नको. "आणि तिच्याशी बोललीस का?"

"रिपोर्ट आल्यावर बोलेन. आत्ता काय सांगू? उगाच घाबरेल."

त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात पेशंट आला.

३ एप्रिल

भिंगरीला मशीनमध्ये घातलं. खेळाडूंची नेहमीची तपासणी असते, असं सांगितलं. मी काचेमागे. आतल्या भोंग्यातून माझाच आवाज तिला जात होता — घाबरू नकोस, आवाज होईल, मी इथेच आहे. भल्याभल्यांना त्या नळीत धडकी भरते. मोठाले बाप्ये "बाहेर काढा" म्हणून ओरडतात. ही मात्र शांत. मला वाटलं झोपली की काय.

बाहेर आल्यावर म्हणाली, "छान होतं. आत कोणी काही करायला सांगत नाही."

रिक्षात विचारलं, "आई, यात काही निघालं तर निवडीला जाता येणार नाही ना?"

केवढी भीती तिच्या आवाजात! तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "काही निघणार नाही गं बाळा. मी आहे ना. तू जाणार म्हणजे जाणारच."

तिने हात काढून घेतला आणि बाहेर बघत बसली.

४ एप्रिल

चित्रं मी पाहिली. मला तरी काही दिसत नाही. पण मला दिसून काय उपयोग, रिपोर्ट डॉक्टर देतील! आता कळतंय त्या बाहेरच्या बाकावर बसायला काय लागतं. आज ज्याने ज्याने "काही आहे का हो" विचारलं त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

९ एप्रिल

रिपोर्ट आला. नॉर्मल!!

मान, मणके, नसा — सगळं स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवून शब्द न् शब्द वाचून दाखवला. जीव भांड्यात पडला. तिथेच रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, शरीरात काही नाही, हे खरं. मग हात का उघडतो, हा प्रश्न उरतोच. विचार तिला." म्हटलं, हो हो, विचारेन. घामच असणार. नाहीतर ऐट! मोठी पोरं हात सोडून उडतात, त्यांचं बघून करत असेल चोरून. कान पिळते तिचा, निवड झाली की!

धावत घरी आले. दारातूनच ओरडले, "भिंगरे, सगळं नॉर्मल! आता बिनधास्त उड!" यांच्यासारखी ओरडले. पहिल्यांदाच जमलं.

ती टेबलाशी बसली होती. "बरं," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही!"

मग आत जाऊन झोपली. ताण उतरला की असंच होतं. मीही आज गाढ झोपणार. वन्संना कळवलं, कोचना कळवलं. आज कॅमेऱ्याची काच पुसली. परवा उजेड चांगला असू दे, बास.

११ एप्रिल

भिंगरीचं मनगट मोडलं. निवडीच्या पहिल्याच फेरीत, उंटावर. दोन्ही हाडं.

एक्स-रे मीच काढला. टेबलावर हात ठेवून बसली होती, ओठ पांढरेफटक, आणि चेहरा मोकळा. हे गेल्यापासून एवढा मोकळा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

म्हणाली, "रडू नकोस ना आई. सुटला नाही गं, मीच सोडला. रोज सोडायचे, पण भीती वाटायची, मग परत धरायचे."

मी विचारलं, उडायचं नव्हतं तर मला का नाही सांगितलंस? मला कुठे आवडत होतं तिथे उभं राहायला!

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं तुला आवडतं. तू कॅमेरा घेतलास. आत्याने बाबांच्या शेजारी खिळा ठोकला. कोच फीसुद्धा मागत नाहीत. मी कोणाकोणाला सांगणार होते?" मग मोडलेल्या हाताकडे पाहून हळूच म्हणाली, "आता नाही ना सांगावं लागणार?"